झोपणे आणि झोप लागणे

मराठीत झोपेसाठी दोन वेगळ्या वाक्यरचना आहेत. ‘मी दहाला झोपले’ ही एक आणि ‘मला बाराला झोप लागली’ ही दुसरी. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दिवा मालवणे, अंथरुणावर पडणे, पांघरूण ओढून घेणे ही सगळी माझी कृती आहे. दुसऱ्या वाक्यात कर्त्याच्या जागी झोप येऊन बसते आणि माझ्या वाट्याला केवळ अनुभव उरतो. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तशी झोप लागते. म्हणूनच ‘दहाला झोपले, पण दोनपर्यंत झोपच लागली नाही’ हे वाक्य आपल्याला मुळीच विसंगत वाटत नाही. घरच्या कॅमेऱ्याने स्वतःच्या झोपेचे चित्रण कसे करावे आणि त्यातून काय कळते, हे या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी हा भेद सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवा, कारण कॅमेऱ्याला झोपणे दिसते, झोप लागणे दिसत नाही.

आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण झोपेत घालवतो आणि त्या हिश्शाचे साक्षीदार आपण स्वतः नसतो. ही अडचण फार जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात प्रजापती इंद्राला गाढ झोपेतला आत्मा दाखवतो, तेव्हा इंद्र परत येऊन तक्रार करतो की या अवस्थेत माणसाला ‘हा मी’ एवढेही कळत नाही, मग यात भले ते काय? पुढे वेदान्त्यांनी उलटा युक्तिवाद केला. सकाळी उठून आपण ‘छान झोप झाली, काही कळले नाही’ असे म्हणतो. ज्याअर्थी हे आठवते, त्याअर्थी त्या वेळीही कोणीतरी साक्षी होता. तत्त्वज्ञानातला हा साक्षी अर्थातच घोरण्याची नोंद ठेवत नाही. ते काम आजवर घरातली माणसे करत आली. माजघरात एका ओळीत अंथरुणे पडत, तेव्हा कोण दात खातो, कोण बरळतो, कोणाचा श्वास मध्येच अडकतो, हे सकाळच्या चहापर्यंत साऱ्या घराला माहीत झालेले असे.

आज डॉक्टर झोपेच्या तक्रारीवर पहिला प्रश्न विचारतात तो याच साक्षीदाराला उद्देशून. ‘घोरता का? झोपेत श्वास थांबतो असे कोणी सांगितले आहे का?’ मी एकटी राहते. सकाळी डोके जड असणे आणि दुपारी पुस्तक हातात असताना पेंग येणे, एवढीच माझी तक्रार होती, आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. विधवा, विधुर, अविवाहित, नोकरीसाठी परगावी राहणारे, वसतिगृहातल्या एकाकी खोलीतले विद्यार्थी या सगळ्यांची हीच स्थिती आहे. कॅमेऱ्याची गरज इथे निर्माण होते.

झोपलेल्या माणसाचे चित्रण ही कल्पना काही नवी नाही. १९३० साली अमेरिकेत हॅरी जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसे कोणकोणत्या स्थितीत झोपतात यावर निबंध प्रसिद्ध केला. पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमधल्या या संशोधनाला सिमन्स या गाद्या तयार करणाऱ्या कंपनीने पैसा पुरवला होता. निरोगी माणूस ओंडक्यासारखा पडून राहतो हा समज त्या छायाचित्रांनी मोडीत काढला. एका रात्रीत वीसहून अधिक वेळा स्थिती बदलणे हे अगदी स्वाभाविक ठरले. पुढे थिओडोर स्पॅग्ना या छायाचित्रकाराने झोपलेल्या माणसांची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली आणि ॲलन हॉब्सन या मेंदूवैज्ञानिकाने त्यांचे महत्त्व ओळखले. त्यांचा निबंध १९७८ साली ‘सायन्स’मध्ये आला. कूस बदलणे वाटेल तेव्हा होत नाही. झोपेच्या साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांशी, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्याच्या आगेमागे, त्याचा संबंध असतो, असे त्यातून दिसले. साध्या छायाचित्रांतून झोपेची लय अंधूकपणे का होईना वाचता येते, हा आपल्या दृष्टीने मोलाचा निष्कर्ष आहे. याउलट अँडी वॉरहॉलचा १९६३ साली चित्रित झालेला ‘स्लीप’ पाहावा. पाच तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात जॉन जिओर्नो हा त्याचा कवी मित्र झोपलेला दिसतो. पण तो एका सलग रात्रीचा दस्तऐवज नाही. लहान लहान रिळांवर घेतलेले तुकडे पुनःपुन्हा जोडून ती रात्र घडवलेली आहे. आपल्याला हवी आहे ती न जोडलेली रात्र.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. घराच्या सुरक्षेसाठी मिळणारा साधा वाय-फाय कॅमेरा या कामाला पुरतो. अंधारात तो अवरक्त किरणांवर चालतो. दिवसा हे किरण अडवणारी एक गाळणी भिंगामागे असते. अंधार झाला की ती ‘टक्’ असा बारीक आवाज करून बाजूला सरते, आणि भिंगाभोवतीचे छोटे दिवे खोली उजळतात. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला दिसतो. हे दिवे दोन प्रकारचे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे काळोखात मंद लालसर ठिपक्यांसारखे दिसतात, ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, मात्र त्यांचे चित्र थोडे फिके येते. जिला उजेडाचा कणही सहन होत नाही तिने दुसरा प्रकार घ्यावा. शरीराचे घड्याळ मुख्यतः निळ्या उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, प्रतिसाद देते. त्यामुळे अवरक्त किरणांपेक्षा कॅमेऱ्यावरचा निळा दर्शक दिवा अधिक त्रासदायक आहे. तो बंद करावा किंवा त्यावर काळी चिकटपट्टी लावावी.

अवरक्त चित्र करड्या रंगात येते. काळा सुती सदरा त्यात पांढुरका दिसू शकतो, कारण अनेक रंग हे किरण शोषत नाहीत. ओठ निळे पडले आहेत का, हे अशा चित्रात कळणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

कॅमेरा पलंगापासून दोन-अडीच मीटरवर, गादीपेक्षा जरा उंच, पायांच्या बाजूच्या कोपऱ्यात तिरपा ठेवावा. तिथून चेहरा आणि छाती दोन्ही एकाच चौकटीत येतात. जाड गोधडीखाली श्वासाची हालचाल झाकली जाते, म्हणून पातळ चादर बरी. आपल्याकडची खरी अडचण मच्छरदाणीची. कॅमेऱ्याचा उजेड तिच्या जाळीवरून परत फिरतो आणि चित्रात पांढऱ्या धुक्याशिवाय काही उरत नाही. एक तर कॅमेरा मच्छरदाणीच्या आत यावा, किंवा त्याचे स्वतःचे दिवे बंद करून अवरक्त दिवा वेगळा, दुसऱ्या बाजूने लावावा. काचेच्या कपाटातून चित्रण करायचे ठरवले तरी हाच त्रास होतो.

कॅमेऱ्यात ‘हालचाल झाली की चित्रण’ अशी सोय असते. ती चोरासाठी आहे. पंख्याच्या वाऱ्याने हलणारी चादर ती टिपेल आणि श्वास थांबल्याची निश्चल मिनिटे गाळून टाकेल. सलग चित्रणच हवे. सेकंदाला दोन मेगाबिट या हिशेबाने आठ तासांना ७.२ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात आठ रात्री मावतात.

आवाजाचे महत्त्व चित्रापेक्षा कमी नाही. दूरच्या कॅमेऱ्याला छताच्या पंख्याची घरघरच जास्त ऐकू येते. म्हणून एखादा जुना मोबाइल, फोन आणि इंटरनेट बंद करून, उशीपासून हातभर अंतरावर ध्वनिमुद्रणासाठी ठेवावा. दोन्ही सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर वेळ मोठ्याने सांगून एक टाळी वाजवावी. ती टाळी चित्रात दिसते आणि ध्वनीत ऐकू येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोन्ही जुळवणे सोपे जाते.

पहिल्या दोन रात्री हिशेबात धरू नयेत. नव्या उपकरणांच्या सान्निध्यात पहिली रात्र नेहमीसारखी जात नाही, हे प्रयोगशाळांनाही परिचयाचे आहे. सकाळी उठताच, चित्रण पाहण्याआधी, रात्र कशी गेली ते वहीत लिहावे. मग सोळापट वेगाने चित्रण पाहावे. आठ तास अर्ध्या तासात संपतात. कूस बदलली, उठून बसलो, हात झटकला, की वेळ टिपून तेवढा भाग पुन्हा मूळ वेगाने पाहावा.

मी अशा चौदा रात्री नोंदवल्या. त्यातल्या एका सकाळी वहीत लिहिले होते, ‘दोन ते चार टक्क जागी.’ चित्रणात दोन वाजून वीस मिनिटांपासून तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत मी उजव्या कुशीवर निश्चल होते आणि संथ घोरत होते. मग खरे काय? माझ्या मते दोन्ही नोंदी ठेवायला हव्यात. झोप झाली असूनही ती न झाल्यासारखी वाटणे, ही वैद्यकाला ठाऊक असलेली तक्रार आहे. शरीर झोपले होते ही कॅमेऱ्याची साक्ष, आणि जागरण झाले ही माझी. पहिली दाखवून दुसरी खोडून काढली, तर त्या माणसाचे दुखणे आहे तिथेच राहते.

दुसरी गोष्ट ध्वनीत सापडली. घोरणे चढत जाई, मग एकदम शांतता, आणि नंतर धाप लागल्यासारखा मोठा श्वास. नुसत्या शांततेला अर्थ नाही, कारण शांत श्वास ऐकूच येत नाही. हा तीन पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. छाती आणि पोट हलत असून आवाज थांबला असेल, तर घशात अडथळा आल्याची शंका घेता येते. वैद्यकीय व्याख्येत दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबलेला श्वास मोजला जातो, आणि असे प्रसंग, उथळ पडलेले श्वास धरून, तासाला पाचपेक्षा कमी असतील तर ते सामान्य मानतात. मी एक-एक मिनिटाचे तीन तुकडे डॉक्टरांना दाखवले. त्यांनी त्यावरून निदान केले नाही, झोपेची रीतसर तपासणी करायला सांगितले. ते योग्यच होते. त्या तपासणीत मेंदूचे विद्युत्‌प्रवाह, डोळ्यांची व हनुवटीच्या स्नायूंची हालचाल, नाकातली हवा, छातीपोटाचे पट्टे आणि रक्तातला प्राणवायू एकाच वेळी नोंदवतात. झोप लागल्याचा क्षण तिथेही डोळ्यांनी दिसत नाही. नोंदीची तीस-तीस सेकंदांची पाने करून, पानाचा निम्म्याहून अधिक भाग झोपेचा असेल तर ते पान झोपेचे, असे ठरवावे लागते. माझा आकडा तासाला एकोणीस आला. त्यावर उपचार आहे, आणि तो सुरू आहे. कॅमेऱ्याने मला तपासणीच्या दारापर्यंत पोहोचवले.

आणखी एका बाबतीत असे चित्रण डॉक्टरांच्या उपयोगी पडते. स्वप्नांच्या टप्प्यात एरवी आपले स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते तसे पडत नाहीत आणि ती स्वप्नातली मारामारी अंथरुणात करतात. कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. त्यातल्या अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा तत्सम आजार होतो, हे आता माहीत आहे. त्यामुळे झोपेत लाथा झाडणे, ओरडणे, पलंगावरून पडणे असे पुन्हा पुन्हा दिसले, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

अखेरीस या चित्रणाच्या मालकीविषयी. झोपलेला माणूस पूर्णपणे उघडा असतो, अंगावर चादर असली तरी. २०१६ साली ‘मिराई’ या संगणकीय किड्याने जगभरचे असंख्य घरगुती कॅमेरे ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यात दिलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. तेव्हा पासवर्ड बदलावा, चित्रण दूरच्या सर्व्हरवर न पाठवता कार्डावरच ठेवावे, आणि खोलीत दुसरे कोणी झोपत असेल तर त्याची संमती घ्यावी.

याहून नाजूक प्रश्न घरातलाच आहे. मुले पुण्याला किंवा परदेशी, आईवडील गावी. काळजीपोटी त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवला जातो आणि मुलगा हजारो मैलांवरून आईला झोपलेली पाहतो. काळजी खरी असते. पण माजघरातल्या ओळीत जो दुसऱ्याचे घोरणे ऐकत होता, त्याचे घोरणेही दुसऱ्याला ऐकू येत होते. इथे मात्र आई मुलाची झोप पाहू शकत नाही. माझे मत असे की, ज्याला स्मृतिभ्रंश झालेला नाही अशा माणसाच्या बाबतीत कार्ड त्याच्या स्वतःच्या ताब्यात असावे. त्याने ते आधी पाहावे, त्यातले डॉक्टरांना आणि मुलांना काय दाखवायचे ते ठरवावे, आणि उरलेले पुसून टाकावे. मी माझ्या चौदा रात्रींतली चार मिनिटे ठेवली आहेत.