गोठ्यातलं मांजर आणि पोटातले केस

हिवरे बाजार या गावात १९८९ पासून सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामं झाली. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढलं, ते कापून गोठ्यात येऊ लागलं आणि दुधाचा धंदा उभा राहिला. गोठा म्हटला की पेंडीमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. पण गाईला चालतं ते मांजराला चालेलच असं नाही.

केसांची वळकटी

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटे केस त्यांत अडकतात आणि गिळलेच जातात. बहुतेक शीमधून जातात, उरलेल्यांचा पोटात गुंता होतो. मग मांजर मान ताणून, पोट आत ओढत ओकतं आणि बोटाएवढी ओली वळकटी बाहेर पडते. केस झडायच्या दिवसांत असं कधीमधी होतं. ओकल्यावर ते पुन्हा जेवू-खेळू लागलं, तर घाबरायचं कारण नाही.

फणी आणि पाणी

खरा उपाय फणीच. आठवड्यातून एकदोनदा मानेकडून शेपटीकडे फिरवावी, लांब केसांच्या मांजराला रोज. प्यायला स्वच्छ पाणी कायम हवं. धारेच्या वेळी वाटीभर दूध घालायची आपली रीत मायेची आहे, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. तेल-तूप पाजण्यातही अर्थ नाही. ते पचून जातं, आणि बळजबरीने ओतलं तर फुप्फुसात उतरू शकतं. गवत कुरतडलं तर कुरतडू द्यावं, फक्त ते फवारणीचं नसावं.

गोचिडाचं औषध

पिसवा झाल्या की मांजर जास्त चाटतं, जास्त केस पोटात जातात. म्हणून पिसवा घालवायला हव्यातच. मात्र गाईच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन मांजराला कधीही लावू नये. ही औषधं निकामी करायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते, शिवाय अंगावरचं सगळं ते चाटतंच. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. गाईला फवारल्यावर अंग वाळेपर्यंत मांजर गोठ्याबाहेर ठेवावं. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने, साबणाने धुवून तडक डॉक्टर गाठावा.

थांबू नये अशी वेळ

नुसत्याच ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, दिवसभर अन्नाला तोंड लावलेलं नाही, शी अडली आहे, पोट फुगलं आहे, यातलं एकही दिसलं तर आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं.