गाडी भंगारात गेली, आरसी मात्र तुमच्याच नावावर? जुनी कार मोडीत काढण्याआधी हे वाचा

साखरखेर्डा (जि. बुलढाणा) : पुण्या-मुंबईत काही वर्षं धावलेली कार साखरखेर्ड्यासारख्या गावात येते तेव्हा मालक बहुधा दुसरा नाहीतर तिसरा असतो. लग्न, दवाखाना, बाजार समिती, सगळं तिच्यावरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात जेमतेम ७.५ टक्के कुटुंबांकडे कार आहे. त्यामुळे गावात ती सहजासहजी टाकून देत नाहीत. गॅरेजवाला तिला चालती ठेवतो. ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ म्हणजे आणखी वेगळं काय? घोळ होतो तो शेवटी, गाडी मोडताना.

१५ वर्षं झाली की गाडी बाद?

नाही. १० वर्षांचं डिझेल, १५ वर्षांचं पेट्रोल ही चर्चा दिल्ली-एनसीआरची. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेल्या खासगी कारची नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. खर्च मात्र वाढलाय. ६०० रुपयांची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. आणि १५ वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, तुम्ही गाडी घेतल्यापासून नव्हे.

थेट भंगारवाल्याला दिली तर?

वजनावर पैसे मिळतात, पण सरकारदरबारी मालक तुम्हीच राहता. तीच गाडी कुणी डागडुजी करून रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातली गाडीही पुढे अनेक हातांतून गेली होती. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं.

मग नियमाने मोडल्यास फायदा काय?

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र ऑइल, बॅटरी, टायर वेगळे काढतं, पोलाद पुन्हा वितळवायला पाठवतं. मालकाला भंगाराची किंमत आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. केंद्राच्या नियमांत खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. नेमका टक्का राज्य ठरवतं. नवी कार घ्यायची नसेल, आणि गावात अनेकांना ती घ्यायची नसतेच, तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. मात्र त्याआधी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवून घ्यावा लागतो. गाडी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर असेल, तर आधी त्याला गाठा.