शेवग्याचा पाला आणि जेवणानंतरचा चहा

शेवग्याच्या शेंगा आपल्या घरांत आवडीने खाल्ल्या जातात. डाळीत पडतात, कोळंबीच्या कालवणात पडतात. पाला मात्र बकरीला जातो, नाहीतर कचऱ्यात. आम्ही भिवंडीत पाहतो, फांदी छाटली की शेंगा शेजारीपाजारी वाटल्या जातात आणि पाल्याचा ढीग गटाराकाठी पडून सुकतो. कोकणात हिंदू शेजारी गोकुळाष्टमीला याच पाल्याची भाजी करतात. त्या दिवशी तरी कोणीतरी येऊन मागून नेते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि १०८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पालकात हेच आकडे साधारण ८२, तीन आणि ३० असे आहेत. शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते बीटा कॅरोटीन तर शेवग्यात पालकाच्या कितीतरी पट आहे. ते अंगी लागायला तेल लागते, म्हणून लसणाची फोडणी देऊन केलेली भाजी नुसत्या उकडलेल्या पाल्यापेक्षा चांगली.

बीटा कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. शब्द भारी आहे, पण त्याचे काम स्वयंपाकघरात रोज दिसते. कापलेले सफरचंद उघडे ठेवले की काळपट पडते, लिंबू लावले तर बराच वेळ पांढरे राहते. हवेतल्या प्राणवायूने होणारी ती झीज लिंबातले क जीवनसत्त्व आणि आंबटपणा रोखून धरतात. आपल्या पेशींतही अशी झीज चालू असते आणि तिला आवर घालणाऱ्या पदार्थांत पालेभाज्यांतली ही द्रव्ये येतात. म्हणून पाला खाल्ला की कर्करोग होत नाही, असे कोणी सांगू लागले तर त्याचे ऐकू नये.

मोबाइलवर फिरणारा ‘पालकाच्या पंचवीसपट लोह’ हा दावाही असाच. त्यात शेवग्याची वाळलेली भुकटी आणि ताजा पालक सारख्याच वजनाने तोललेला असतो. पाला वाळला की पाणी उडते आणि खनिजे चार-पाच पट घट्ट होतात. क जीवनसत्त्व मात्र बरेचसे जाते. शिवाय भुकटी चमचाभर, म्हणजे दोन-तीन ग्रॅमच खाल्ली जाते. ज्याच्या दारात झाड आहे त्याने महागडी डबी का घ्यावी, हे आम्हाला कळलेले नाही.

हे सगळे लिहावेसे वाटले ते मुलींमुळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आहेत. वर्गात ते आम्हाला आकड्यांविनाही दिसते. मुली सकाळी चहा-खारी खाऊन येतात, दुसऱ्या तासाला डोके बाकावर टेकवतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते. तिने मळमळते म्हणून काही जणी ती दप्तरात ठेवतात आणि आया म्हणतात, गोळ्या कशाला, पाला खाऊ घालू.

पाला जरूर घाला, पण गोळीच्या जागी नको. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे पाल्यातून मिळवायचे तर सव्वा किलोहून जास्त पाला खावा लागेल, आणि पाल्यातल्या लोहातला जेमतेम दहावा भाग शरीर घेते. गोळी पोटभर जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते.

पाल्यातले लोह जास्तीत जास्त अंगी लागावे यासाठी मात्र आपल्या दस्तरखानावरच सोय आहे. मांसाबरोबर खाल्लेल्या भाजीतले लोह शरीर अधिक घेते. आपल्या अम्मी-नानींचे साग-गोश्त, मेथी-कीमा यांत हीच जोडी आहे. त्याच कीम्यात मूठभर शेवग्याचा पाला टाकून बघा, थोडा तुरट लागतो पण मसाल्यात मुरतो. वर लिंबू पिळावे, क जीवनसत्त्व लोहाला मदत करते. पाला चिरण्याआधी धुवावा, नंतर नाही, आणि शिजवलेले पाणी फेकू नये.

सगळे बिघडवतो तो चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतला तर भाजी-डाळीतले निम्म्याहून अधिक लोह तो अडवू शकतो. चहा सोडा, असे भिवंडीत सांगण्याची आमची हिंमत नाही. पण जेवणानंतर तास-दीड तास थांबता येते. रमजानमध्ये सेहरीचा शेवटचा घोट चहाचाच असतो, आणि त्या वेळी थांबायला तास नसतो. तेव्हा सेहरीला लिंबूपाणी घ्यावे, चहा तरावीहनंतर.

दोन गोष्टी डॉक्टरांवर सोडाव्यात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कारण तपासून घ्यावे, कारण थॅलेसेमियासारख्या आजारात लोह वाढवणे उलट घातक ठरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये. आणि सनायचा पाला हा खाण्याचा पाला नव्हे. युनानी हकीम तो जुलाबासाठी देतात. गरोदर बाईने तर तो स्वतःहून घेऊच नये.

पावसाळ्यात वाडा-शहापूरकडच्या आदिवासी बायका टाकळ्याची कोवळी पाने घेऊन बाजारात बसतात. त्यांचे वाटे स्वस्त असतात, तेही घ्यावेत. शेवगा तर विकतही घ्यायला नको. मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी पाणी साचणार नाही अशा जागी रोवली की फुटते. अंगण नसेल तर गच्चीवरचा जुना ड्रम चालतो, तळाला भोके पाडून. शेंडा खुडत राहिलात तर झाड बुटके राहते आणि पाला हाताशी येतो.