बैरुतचा अरबी वर्ग

लेबनॉनचा डोंगर जेथे भूमध्य समुद्राला भिडतो, तेथे बैरुत हे बंदर वसलेले आहे. १८६० साली या डोंगरात मोठा रक्तपात झाला. मॅरोनाइट ख्रिस्ती व द्रूझ या दोन समाजांत वैर पेटले, गावे जळाली आणि हजारो माणसे प्राणास मुकली. जीव वाचवून पळालेल्या अनेकांनी बैरुतचा आसरा घेतला. त्याच शहरात ३ डिसेंबर १८६६ रोजी अमेरिकन मिशनऱ्यांनी एक महाविद्यालय उघडले. आरंभी विद्यार्थी होते अवघे सोळा! पुढे निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ आणि यहुदी असे सर्व प्रकारचे तरुण तेथे येऊ लागले. १९२० सालापासून ही संस्था ‘बैरुतचे अमेरिकन विद्यापीठ’ या नावाने ओळखली जाते.

या तरुणांची घरची भाषा बहुधा अरबीच होती. मग ती त्यांना पुन्हा कशासाठी शिकवावयाची? याचे कारण असे, की घरातली बोली निराळी आणि ग्रंथांतली अरबी निराळी. शिवाय अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. क, त, ब ही तीन अक्षरे कागदावर दिसली, तर ती ‘कतब’ (त्याने लिहिले), ‘कुतिब’ (लिहिले गेले) किंवा ‘कुतुब’ (पुस्तके) यांपैकी काहीही असू शकतात. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्वदीर्घ संदर्भावरून ओळखावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. पण याहून कितीतरी कठीण. इतर भाषांत आधी वाचावे व मग अर्थ लावावा. अरबीत मात्र अर्थ लागल्यावाचून नीट वाचताच येत नाही. म्हणून व्याकरणावाचून गत्यंतर नाही.

हे व्याकरण मोठे मौजेचे आहे. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. ऐन, लाम, मीम या तीन अक्षरांत ‘जाणणे’ हा अर्थ आहे. जे जाणलेले ते ‘मालूम’, जे शिकवणे ती ‘तालीम’, आणि जो शिकवतो तो ‘मुअल्लिम’. यांपैकी पहिले दोन शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. आपल्याकडे मल्ल ज्या तालमीत घुमतात, तिचे नाव मुळात अरबी शाळेतले आहे!

या नव्या महाविद्यालयात अरबी शिकविण्यास नासीफ अल्-याझिजी यांच्यासारखे थोर पंडित लाभले. ते ख्रिस्ती होते. परंतु अरबी व्याकरणाची उदाहरणे कुराणातून आणि इस्लामपूर्व काव्यातून घेण्याची शेकडो वर्षांची परंपरा आहे. तेव्हा ख्रिस्ती गुरूलाही कुराणाची भाषा बारकाईने जाणणे भाग होते. उलट बाजूचे उदाहरण युसुफ अल्-असीर यांचे. काहिरा येथील अल्-अझहर या विद्यापीठात शिकलेले हे मुसलमान पंडित. १८६५ साली बैरुतेत बायबलाचे जे अरबी भाषांतर छापून झाले, त्याची भाषा त्यांनी तपासून दिली होती. बुत्रुस अल्-बुस्तानी यांनी तर १८६० च्या संहारानंतर पत्रके काढून देशबांधवांना एकीची विनवणी केली, १८६३ साली सर्व धर्मांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शाळा काढली आणि पुढे अरबीचा एक मोठा कोशही रचला.

महाविद्यालयात प्रारंभी वैद्यकसुद्धा अरबीतूनच शिकवीत. कॉर्नेलियस व्हॅन डाइक या अमेरिकन वैद्याने त्यासाठी अरबी पाठ्यपुस्तके लिहिली. १८८० नंतर मात्र शिक्षणाचे माध्यम हळूहळू इंग्रजी झाले. व्हॅन डाइक यांना हे रुचले नसेल, तर नवल नाही. तेथे सर्वच सुरळीत होते असेही नव्हे. ख्रिस्ती प्रार्थनेस सर्वांनी हजर राहावे अशी सक्ती होती. १९०९ साली मुसलमान व यहुदी विद्यार्थ्यांनी तीस उघड विरोध केला. पुढे ती सक्ती सुटली.

अरबीचा अभ्यास मात्र राहिला. कोणत्याही धर्माचा विद्यार्थी असो, स्वरचिन्हे नसलेली ओळ समोर आली, की प्रथम कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, हे त्याला शोधावे लागते. मगच तो ती मोठ्याने वाचतो.