“आलं का?” म्हणत पत्र्यावर अँटेना फिरवणारे नकळत विज्ञानाचा प्रयोगच करत होते

दूरदर्शनच्या काळात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे घडलंय. एक जण पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप फिरवतोय, दुसरा दारात उभा आणि तिसरा टीव्हीसमोर. वरून आवाज येतो, “आलं का?” खालून उत्तर, “आलं आलं... गेलं! जरा माघारी घे!”

आज हसू येतं, पण अँटेना मोजायची मूळ पद्धत हीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दुसऱ्या टोकाला काय फरक पडला ते बघायचं.

आता समजा, परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला अँटेना बनवायला शिकायचंय. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं हे रेल्वे स्टेशनचं गाव. जवळ ना मोठी प्रयोगशाळा, ना महागडी यंत्रं. मग सुरुवात कुठून करायची?

पहिला प्रयोग फुकटातला

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो काढा. मध्यम लहरींवर आकाशवाणी परभणीची जागा १३०५ किलोहर्ट्झ. स्टेशन लागलं की रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज खणखणीत येतो, तर एका दिशेला एकदम बारीक होतो.

कारण रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे असतात. कांडीचं टोक स्टेशनकडे वळलं की संकेत सगळ्यात कमी मिळतो. परभणी चुडाव्याच्या पश्चिमेला आहे. म्हणजे आवाज पडतो तेव्हा कांडी पूर्व-पश्चिम असायला हवी. जमलं, तर अँटेनाला दिशा असते हे तुम्ही स्वतः मोजलंत.

तार किती लांब कापायची?

गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १३०५ किलोहर्ट्झची लहर जवळपास २३० मीटरची! म्हणूनच मध्यम लहरींच्या केंद्राला उंच मनोरा लागतो.

नवशिक्यानं छोटी लहर घ्यावी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी रेडिओ केंद्र आहे आणि त्याचे संदेश १४५.८ मेगाहर्ट्झवर येतात. इथं लहर साधारण २०६ सेंटिमीटरची. तिच्या निम्मी लांबी म्हणजे १०३. प्रत्यक्षातली तार यापेक्षा सुमारे पाच टक्के आखूड लागते, म्हणजे ९८ सेंटिमीटर. मधोमध केबल जोडायची, दोन्ही बाजूंना ४९-४९ सेंटिमीटरच्या तारा. झाला डायपोल तयार.

पण शिंप्यासारखं वागायचं. कापड आधी जास्तीचं ठेवायचं, कारण कापलेली तार परत वाढत नाही.

मोजायचं कशानं?

काही हजार रुपयांत नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र मिळतं. अँटेनाकडे पाठवलेल्या ऊर्जेतली किती परत फिरते, ते हे यंत्र दाखवतं. या हिशेबाला एसडब्ल्यूआर म्हणतात. तो १ असेल तर काहीच परत येत नाही. २ असेल तर सुमारे ११ टक्के येतं आणि ३ असेल तर २५ टक्के.

समजा एकेक तार ५२ सेंटिमीटरची ठेवली आणि सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर १३७ मेगाहर्ट्झला दिसला. म्हणजे तार लांब आहे. ५२ गुणिले १३७ भागिले १४५.८, उत्तर जवळपास ४९. थोडं थोडं कापत तिथं पोहोचायचं.

त्याआधी यंत्र कॅलिब्रेट करायला विसरायचं नाही, तेही केबलच्या टोकाशी. नाहीतर अँटेनाऐवजी केबलच मोजली जाते.

इथंच बहुतेक जण फसतात

एसडब्ल्यूआर १ आला की वाटतं, जिंकलो! पण अँटेनाच्या जागी ५० ओहमचा साधा रोधक लावला तरी एसडब्ल्यूआर १ च येतो. तो सगळी ऊर्जा गिळून गरम होतो, हवेत काहीच सोडत नाही. लांब, हलक्या प्रतीची केबलही ऊर्जा वाटेतच खाते आणि आकडा गोंडस दाखवते.

म्हणून खरी कसोटी तुलनेची. साधा डायपोल आणि नवी अँटेना एकाच जागी, एकाच उंचीवर, एकाच संकेतावर आलटून पालटून लावायच्या. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्ती. प्रत्येक आकडा वहीत लिहायचा, फसलेला प्रयोगसुद्धा.

मोठे लोक कसं मोजतात?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिच्या ३० अँटेना, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. एवढी डिश कुठल्याच खोलीत मावणार नाही. मग काय करतात? आकाशातल्या ओळखीच्या रेडिओ स्रोतावर डिश रोखतात, जरा बाजूला सरकवतात आणि संकेत किती पडला ते नोंदवतात.

म्हणजे तेच, “आलं का?” फक्त खालून उत्तर संगणक देतो.

विज्ञान दिनाच्या निमित्तानं खोडदला प्रदर्शन भरतं आणि सामान्य लोकांना या डिश जवळून बघता येतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवायच्या. विजेच्या तारांजवळ किंवा आभाळ गडगडत असताना अँटेना उभारायची नाही. आणि ऐकण्यापुढं जाऊन स्वतः बोलायचं असेल, तर हौशी रेडिओची सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा.

बाकी लागतं काय? तार, टेप, वही आणि खाली उभं राहून खरं उत्तर देणारा एक मित्र.