पायथनचे स्थित्यंतर : एका तपाचे काम

सॉफ्टवेअर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले जाते त्या भाषेच्याही आवृत्त्या निघत असतात, ही गोष्ट संगणकक्षेत्राबाहेरच्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. प्रोग्रॅमरने लिहिलेल्या आज्ञा, ज्यांना त्या व्यवसायात सर्रास 'कोड' म्हटले जाते, संगणकाला थेट कळत नाहीत. त्या वाचून त्यांप्रमाणे संगणकाकडून काम करून घेणारा आणखी एक प्रोग्रॅम मध्ये असावा लागतो आणि पायथनसारख्या भाषेत त्याला 'इंटरप्रिटर' असे नाव आहे. भाषेची नवी आवृत्ती येते तेव्हा हा मध्यस्थ बदलतो. जुना कोड त्याच्यापुढे ठेवल्यावर तो पूर्वीसारखाच चालला तर प्रश्नच उरत नाही, आणि चूक दाखवून जागीच थांबला तरी निदान दुरुस्तीची जागा कळते. पण कोणतीही तक्रार न करता तो चालत राहिला आणि उत्तर मात्र वेगळे देऊ लागला, तर ते कित्येक महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही. मोठ्या प्रकल्पाची भाषा-आवृत्ती बदलण्याचे काम खर्चिक होते ते प्रामुख्याने या शेवटच्या शक्यतेमुळे, आणि हे काम किती अवघड होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पायथन २ पासून पायथन ३ पर्यंतचा प्रवास.

पायथन ही भाषा खिदो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत असताना लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा इतरांना उपलब्ध झाली. वाचायला सोपी आणि शिकायला हलकी असल्यामुळे पुढच्या वीस वर्षांत ती संकेतस्थळे, वैज्ञानिक गणिते, बँकांचे हिशेब आणि शाळा-महाविद्यालयांचे अभ्यासक्रम अशा सर्व ठिकाणी पोहोचली. या काळात भाषेच्या रचनेत राहून गेलेले काही दोष तिच्या कर्त्यांना टोचत होते, आणि ते दूर करायचे तर जुन्या कोडशी असलेली सुसंगती एकदाच तोडावी लागेल असे ठरवून ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध करण्यात आले.

या दोषांपैकी सर्वांत खोल दोष मजकूर साठवण्याच्या पद्धतीत होता आणि त्याचा मराठी वाचकाशी थेट संबंध आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. स्मृतीतील अशा एका छोट्या आकड्याच्या घराला बाइट म्हणतात. इंग्रजीची अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून १२८ खुणांच्या 'ॲस्की' नावाच्या तक्त्यात मावतात, त्यामुळे एक बाइट म्हणजे एक अक्षर हे समीकरण इंग्रजीपुरते बिनधोक चालते. जगातील इतर लिपींसाठी मात्र युनिकोड हे मोठे प्रमाण तयार करावे लागले, ज्यात देवनागरीला पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्या विभागाची मांडणी 'इस्की' या भारतीय प्रमाणावर आधारलेली आहे. युनिकोडची चिन्हे बाइटमध्ये उतरवण्याची सर्वाधिक प्रचलित रीत म्हणजे यूटीएफ-८, आणि या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' हा शब्द घेतला, तर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे होतात आणि त्यांचे बाइट होतात पंधरा.

पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे प्रत्यक्षात बाइटांची माळ असे. त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर पंधरा येई, आणि पहिली चार घरे कापून मागितली तर एक अख्खा 'म' व पुढच्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडा हाती येई, ज्याला कोणत्याही लिपीत अर्थ नाही. २००० साली युनिकोड मजकुरासाठी भाषेत स्वतंत्र प्रकार आला खरा, परंतु तो जुन्या प्रकाराच्या शेजारी बसवण्यात आला आणि दोघांची सरमिसळ झाली तर भाषेने परस्पर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे असे ठरले. हे रूपांतर करताना समोरचे बाइट ॲस्कीचेच आहेत असे गृहीत धरले जाई. परिणामी बाइट आणि युनिकोड यांची गल्लत असलेला प्रोग्रॅम इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षे विनातक्रार चाले आणि एखाद्या ग्राहकाने आपले नाव देवनागरीत भरले की त्याच क्षणी कोसळे. चूक लिहिली जाई एका ठिकाणी, ती उघडकीस येई भलत्याच ठिकाणी, आणि तिचा भुर्दंड पडे तो ॲस्कीबाहेरच्या लिपीत लिहिणाऱ्यांवर. मराठी, हिंदी, जपानी किंवा अरबी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमरला याचा जितका जाच झाला तितका केवळ इंग्रजीत काम करणाऱ्याला झाला नाही.

पायथन ३ ने ही सरमिसळच बंद केली. त्यात मजकूर हा नेहमी युनिकोड असतो, बाइट हा निराळा प्रकार असतो, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर कोणत्या रीतीने जायचे ते प्रोग्रॅमरने स्पष्ट लिहावे लागते. दोघांची बेरीज करू पाहिली तर मजकूर इंग्रजी असो वा मराठी, प्रोग्रॅम तिथेच थांबतो. 'मराठी' या शब्दाची लांबी आता पाच येते. वाचकाच्या डोळ्यांना त्यात म, रा, ठी अशी तीनच अक्षरे दिसतात, म्हणजे प्रश्न पुरता सुटला असे नव्हे. जोडाक्षरे आणि मात्रा एकत्र धरून अक्षरे मोजायला आजही वेगळी साधने वापरावी लागतात. तरीही अर्धवट कापलेल्या बाइटांपासून मजकूर सुरक्षित झाला, ही मिळकत फार मोठी होती.

याच संधीत इतरही काही नियम बदलले गेले. पडद्यावर मजकूर छापण्याच्या 'प्रिंट' या आज्ञेला कंस आवश्यक झाले. हा बदल सर्वाधिक गाजला, पण यंत्राकडून तो सहज दुरुस्त करून घेता येतो. भागाकाराचे तसे नव्हते. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागले तर उत्तर ३ येई, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच धरला जाई. पायथन ३ मध्ये उत्तर ३.५ येते. अडीच या संख्येचे जवळच्या पूर्णांकात रूपांतर पूर्वी ३ होत असे, आता सम अंकाकडे झुकण्याच्या नियमाने २ होते. अशा ठिकाणी इंटरप्रिटर काहीच तक्रार करत नाही. पगारपत्रक, व्याज किंवा गुणांची सरासरी काढणाऱ्या कोडमध्ये जुना भागाकार मुद्दाम तसा लिहिला होता की चुकून तसा राहिला होता, हे तो कोड लिहिणाऱ्याला किंवा त्यामागचा व्यवहार जाणणाऱ्यालाच सांगता येते, आणि लिहिणारा बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो.

पायथनच्या कर्त्यांची मूळ योजना नेमकी इथे तोकडी पडली. जुना कोड वाचून त्याचे नव्या रूपात आपोआप लेखन करणारे 'टू-टू-थ्री' नावाचे साधन त्यांनी दिले होते, आणि प्रत्येक प्रकल्पाने ते चालवून एका झेपेत पलीकडे जावे अशी अपेक्षा होती. साधन कंस घालू शकत होते, बदललेली नावे बदलू शकत होते. परंतु एखाद्या ओळीतला मजकूर हा माणसाने वाचायचा शब्द आहे की जाळ्यावरून आलेला कच्चा बाइटांचा पुंजका, हे त्या ओळीकडे पाहून यंत्राला कळण्याजोगे नव्हतेच. शिवाय कोणताही प्रकल्प एकटा नसतो. तो इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, म्हणजे 'लायब्ररी'वर, उभा असतो आणि त्या लायब्ररी आणखी काही लायब्ररींवर. खालची एक जरी पायथन २ मध्ये अडकली असेल तर वरच्या कोणालाच हलता येत नाही. आणि वापरणारे सगळे पायथन २ वरच असताना लायब्ररीच्या लेखकाने ते सोडून जावे, याला काही कारण नसते. पहिली काही वर्षे सगळे एकमेकांची वाट पाहत राहिले.

कोंडी फुटली ती एकाच कोडने दोन्ही इंटरप्रिटरवर चालावे, असा मार्ग रूढ झाल्यावर. दोन आणि तीन यांचा गुणाकार म्हणून 'सिक्स' असे नाव ठेवलेली एक छोटी लायब्ररी दोन्ही आवृत्त्यांमधले भेद झाकून घेत असे, आणि २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ ने युनिकोड मजकुरामागे 'यू' हे अक्षर लावण्याची पायथन २ ची पद्धत, जी आधी काढून टाकली होती, पुन्हा ग्राह्य धरली. हे एक अक्षर परत आल्यामुळे हजारो ओळी न बदलता दोन्हीकडे चालू लागल्या. भाषेच्या शुद्धतेसाठी केलेला बदल वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी मागे घेणे हे कर्त्यांनी दाखवलेले मोठे शहाणपण होते, आणि ते चार वर्षे आधी दाखवले असते तर बराच काळ वाचला असता असे म्हणावेसे वाटते. पायथन २.७ चा पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता. ती मुदत २०१४ मध्ये वाढवून २०२० करण्यात आली.

मोठ्या प्रकल्पांनी हे काम कसे पार पाडले याचे इन्स्टाग्राम हे बोधप्रद उदाहरण आहे, कारण त्यांच्या अभियंत्यांनी आपली पद्धत २०१७ च्या पायथन परिषदेत जाहीरपणे मांडली. नव्या आवृत्तीसाठी कोडची वेगळी प्रत काढून तिच्यावर काम करण्याचा मोह त्यांनी टाळला. तशी प्रत काढली की मूळ कोडमध्ये रोज होणारे बदल तिच्यात आणता आणता दमछाक होते. सर्वांच्या रोजच्या कोडमध्येच दोन्ही आवृत्त्यांना चालेल असे बदल थोडेथोडे केले गेले, आणि नवा इंटरप्रिटर प्रथम अभियंत्यांकडे, मग कंपनीच्या इतर कर्मचाऱ्यांकडे, नंतर काही वापरकर्त्यांकडे आणि शेवटी सर्वांकडे नेण्यात आला. या सगळ्याला सुमारे दहा महिने लागले आणि सेवा एकदाही बंद ठेवावी लागली नाही.

अशा टप्प्याटप्प्याच्या बदलात कोडइतकेच साठवलेल्या माहितीकडेही लक्ष द्यावे लागते. प्रोग्रॅम चालू असताना स्मृतीत असलेली माहिती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवण्याची पायथनची एक सोय आहे, तिला 'पिकल' म्हणतात. तिच्या लेखनपद्धतींना क्रमांक आहेत. पायथन २ ला दुसऱ्या क्रमांकापर्यंतच्याच वाचता येतात, तर पायथन ३ आपणहून त्यापुढच्या क्रमांकाची पद्धत वापरते. काही सर्व्हर नव्या आवृत्तीवर आणि काही जुन्या आवृत्तीवर असताना दोघांनी एकाच सामायिक साठ्यात लिहायला सुरुवात केली, तर नव्याने लिहिलेले जुन्याला वाचता येत नाही. म्हणून दोघांचे साठे संक्रमणकाळात वेगळे ठेवावे लागतात किंवा जुन्याला कळेल अशीच पद्धत नव्याला वापरायला सांगावी लागते.

या सगळ्या खटाटोपाचा पाया असतात चाचण्या. कोडच्या प्रत्येक भागाला ठरावीक माहिती देऊन ठरलेले उत्तर येते का हे तपासणारा जो छोटा कोड सोबत लिहून ठेवतात, त्याला चाचणी म्हणतात, आणि भागाकारासारखा मुकाट बदल पकडण्याचे तेच एक भरवशाचे साधन आहे. चाचण्यांची माहितीही विचारपूर्वक निवडावी लागते. सगळी उदाहरणे इंग्रजी नावांची असतील तर बाइट आणि मजकूर यांची गल्लत तिथे दिसणारच नाही. ज्या प्रकल्पात चाचण्या नव्हत्या तिथे आवृत्ती बदलण्यापूर्वी त्या लिहिण्यातच मोठा वेळ गेला. ड्रॉपबॉक्सने याला आणखी एक जोड दिली. कोडमधल्या प्रत्येक नावापुढे ते बाइट आहे की मजकूर हे लिहून ठेवायचे आणि 'मायपाय' या तपासनिसाकडून, प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच, त्यातली विसंगती शोधून घ्यायची, अशी ती रीत होती. यंत्राला न कळणारा अर्थ अशा रीतीने माणसाने एकदा लिहून दिला की पुढची तपासणी यंत्राला करता येते.

पायथनच्या कर्त्यांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. मजकुराच्या प्रश्नाला त्याच काळात पीएचपी या भाषेनेही हात घातला होता. तिची सहावी आवृत्ती युनिकोडच्या पायावर उभी करायचे ठरले, काम अनेक वर्षे चालले, आणि २०१० मध्ये ते सोडून द्यावे लागले. पाचव्या आवृत्तीनंतर २०१५ मध्ये थेट सातवी आली. पायथनने घेतलेला निर्णय योग्य होता आणि त्याची आखणी सदोष होती, असाच निष्कर्ष या इतिहासातून निघतो; पण निर्णय तडीस गेला, आणि आज एखादा विद्यार्थी आपल्या पहिल्याच प्रोग्रॅममध्ये स्वतःचे नाव देवनागरीत निर्धास्तपणे लिहू शकतो, तो त्यामुळेच.

पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती, २.७.१८, त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. पाठिंबा संपणे म्हणजे प्रोग्रॅम बंद पडणे नव्हे. तो चालतच राहतो. फक्त त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भगदाडे भाषेचे मूळ कर्ते बुजवत नाहीत, नव्या लायब्ररी त्यावर बसत नाहीत आणि तो जाणणारी माणसे कमी होत जातात. जँगो या लोकप्रिय लायब्ररीने २०१७ च्या अखेरीसच पायथन २ सोडले होते. ॲपलने मार्च २०२२ मध्ये आपल्या संगणकांतून ते काढून टाकले.

त्यानंतर भाषेची रीतच पालटली. पायथन ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक आवृत्ती निघते, प्रत्येकीला पाच वर्षे पाठिंबा मिळतो, आणि एखादी सोय काढायची असेल तर ती काढण्यापूर्वी निदान दोन आवृत्त्यांमध्ये तशी सूचना इंटरप्रिटर स्वतः देत राहतो. सूचना देताना प्रोग्रॅम थांबत नाही, त्यामुळे ती नजरेआड करणे सोपे असते. म्हणून जाणते संघ चाचण्या चालवताना सूचनेलाच चूक समजण्याची आज्ञा इंटरप्रिटरला देऊन ठेवतात. भाषेसोबत पूर्वापार मिळणाऱ्या एकोणीस जुन्या लायब्ररी ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मधून वगळण्यात आल्या, तेव्हा त्यांबद्दलची सूचना दोन वर्षे आधी आलेल्या ३.११ पासूनच दिली जात होती. ती वाचणाऱ्यांना पर्याय शोधायला पुरेसा अवधी मिळाला होता, आणि ज्यांनी वाचली नव्हती त्यांचा कोड त्या लायब्ररीचे नाव असलेल्या ओळीवर थांबला, म्हणजे दुरुस्ती कुठे करायची हे तरी त्यांना लगेच कळले.