जडी जपून ठेवा

मुलांनो, आपल्या देशात १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठिकठिकाणी झाडे लावतात. बहुतेक रोपे पिशवीत येतात. त्यांच्या मुळांभोवती माती असते. सागाची लागवड मात्र पुष्कळदा जडी लावून करतात.

जडी म्हणजे काय? रोपवाटिकेत सागाचे बी वाफ्यात पेरतात. सुमारे एका वर्षाने रोप मुळासकट उपटतात. वरचे खोड दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटतात. खालचे जाड मूळ वीतभर ठेवतात आणि बाजूची बारीक मुळे काढून टाकतात. उरतो अंगठ्याएवढा जाड तुकडा. त्याला पान नाही, माती नाही. पाहणाऱ्याला वाटते, हे तर सरपण!

मलाही तसेच वाटले होते. एका वर्षी आमच्या शाळेत जड्यांचे दोन गठ्ठे आले. पाऊस लांबला होता. शिपाईमामांनी एक गठ्ठा ओल्या पोत्यात गुंडाळून खोलीत ठेवला. दुसरा मी ओट्यावर उन्हातच राहू दिला. काही दिवसांनी पाऊस आला. आम्ही सगळ्या जड्या लावल्या. पहिल्या गठ्ठ्यातील जड्यांना हिरवे कोंब फुटले. दुसऱ्या गठ्ठ्याची ओळ तशीच राहिली. मुले रोज पाहून येत आणि विचारत, "सर, आमची झाडं केव्हा उगवणार?" मला उत्तर देता येईना.

असे का झाले? जडी झोपलेली असते, मेलेली नसते. तिच्या जाड मुळात अन्न आणि ओलावा साठवलेला असतो. त्याच्या बळावर तिला नवे कोंब फुटतात. मातीचे पांघरूण नसल्यामुळे ऊन आणि वारा तो ओलावा शोषून घेतात. मूळ सुकले, की नंतर कितीही पाणी घाला, जडी जागी होत नाही.

म्हणून जडी आली, की तिला लगेच सावलीत न्या. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. बादलीभर पाण्यात ती बुडवून ठेवू नका. मुळांना हवाही लागते. हवा मिळाली नाही, तर ती कुजतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवाल, तर ती आत उकडून जाईल.

पाऊस आणखी लांबला, तर झाडाच्या सावलीत वीतभर खोल चर खणा. त्यात जड्या एकेक करून तिरप्या ठेवा. छाटलेले टोक वर असू द्या. मुळांवर ओलसर माती घाला आणि हलकेच दाबा. पाऊस पडला, की कोंब फुटण्याआधी त्या काढून लावा.

काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील शेतकरीही अशीच काळजी घेतात. तेथे सफरचंदाची रोपे हिवाळ्यात, पाने गळून गेल्यावर, उघड्या मुळांनी नेतात. लावायला उशीर होणार असेल, तर ती चरात ठेवून मुळे मातीने झाकतात. झाड वेगळे, ऋतू वेगळा. पण नियम एकच.

जडी जिवंत आहे, हे कसे ओळखावे? नखाने साल थोडीशी खरवडा. आत ओलसर आणि ताजे दिसले, तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले, तर ती गेली.

झाड लावण्याचे काम खड्डा खणल्यावर सुरू होत नाही. ते रोप आपल्या हाती येते, तेव्हाच सुरू होते.

स्वाध्याय
१. जडी कशी तयार करतात?
२. दुसऱ्या गठ्ठ्यातील जड्यांना कोंब का फुटले नाहीत?
३. जडी पाण्यात बुडवून का ठेवू नये?
४. वाक्यात उपयोग करा : सावली, ओलावा, जपून ठेवणे.